मोहरीएवढं भोक

पंजाबरावांनी उजव्या हाताचं बोट लेकीसमोर धरलं आणि हसले. "हे पाह्य. मोहरीएवढं भोक हाय. तेवढ्यासाठी ह्या अश्वजितनं मले फटफटीवर टाकून आनलं."

सारिकाला हसू आलं नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिला सहा वर्षं झाली होती. बोटाच्या पेरावर खरंच एक बारीक ठिपका होता. रक्ताचा थेंबही नव्हता. पण बोट वांग्यासारखं तट्ट फुगलं होतं आणि सूज मनगटाकडं निघाली होती.

"कशानं झालं, बाबा?"

"प्रेसचं ऑइल लागलं, दुसरं काय."

पंजाबराव जिनिंगमध्ये फिटर होते. रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा ऑइलचा पाइप कुठं गळतो, हे बाकीचे लोक पुठ्ठा धरून पाहत. पंजाबराव चालू मशीनवर पाइपावरून बोट फिरवत आणि नेमकी जागा सांगत. पंजाबरावच्या बोटाले डोळे हायेत, असं सगळी जिनिंग म्हणायची. तीस वर्षं हे कौतुक कानावर पडल्यावर माणूस पुठ्ठा कशाला हातात घेतोय?

"दुखते का?"

"नाही वं. बधिर झालं."

सारिकाच्या तोंडचं पाणी पळालं. दुखतंय म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. शिकत असताना तिनं असाच एक ट्रॅक्टर मेकॅनिक पाहिला होता. दाबानं आत शिरलेलं ऑइल इंजेक्शनसारखं हातभर पसरतं आणि मांस आतून कुजवत जातं. वरून फक्त ठिपका. पाचसहा तासांच्या आत हात उघडून धुतला, तर वाचायची आशा. मेकॅनिक पाचव्या दिवशी आला होता. त्याचा हात कोपरापासून काढला.

"कधी लागलं, बाबा?"

"सकाळी. नऊ वाजता."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? घड्याळ पाहून लागते का मानसाले?"

अश्वजित, जिनिंगमधला त्यांच्या हाताखालचा पोरगा, काहीतरी बोलणार होता. पंजाबरावांनी त्याला चहा आणायला पिटाळलं.

भिंतीवर अकरा वाजत होते. अकोला दोन तासांवर. सारिकानं मनात हिशेब केला आणि पळतच डॉक्टरांची खोली गाठली. डॉक्टर ऋत्विक नवे होते आणि बाहेर रांग लागली होती. "सिस्टर, एवढ्याशा जखमेला अकोला? धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, गोळ्या लिहून देतो."

सहा वर्षांत सारिका कुणा डॉक्टरसमोर आवाज चढवून बोलली नव्हती. आज बोलली. माणूस भला होता, त्यानं ऐकून घेतलं. अकोल्याला फोन लावला. मग त्याचा चेहरा बदलला आणि चिठ्ठी लिहिता लिहिता तो म्हणाला, "सर्जन टेबल तयार ठेवतायत. जितक्या लवकर पोहोचाल तितकं चांगलं."

अ‍ॅम्ब्युलन्स एका बाळंतिणीला सोडायला गेली होती. सारिकानं ड्रायव्हर कचरूला तीनदा फोन केला, चौथ्यांदा शिव्याच दिल्या. साडेअकराच्या आत गाडी दारात उभी राहिली. बापाचा हात खाली लोंबू नये म्हणून तिनं तो गळ्यात बांधला, बापाला आत बसवलं आणि शेजारी बसली. जिवाचं रान केलं होतं तिनं, पण जमलं होतं. दीड वाजता अकोला. साडेचार तास. हात वाचत होता.

गाडी शेगावच्या रस्त्याला लागली तशी पंजाबरावांची कळी खुलली. लेकीचा दवाखान्यातला रुबाब त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. "डाक्टरले बी ऐकवते वं तू," ते म्हणाले. "पन एवढं घाबरायचं काम नोतं. रातभर तुह्या मायनं गरम इटीचा शेक देल्ला, तं पहाटे बरं वाटलं होतं."

सारिकाची बोटं त्यांच्या मनगटावर होती. ती तिथंच राहिली.

"कोणती रात, बाबा?"

पंजाबराव खिडकीबाहेर पाहू लागले. तुरीची शेतं मागं पळत होती.

"काल सकाळी लागलं ना?"

"हाव."

"मंग खोटं काऊन सांगितलं?"

"काल कापसाच्या गाड्या गेटाबाहेरपर्यंत उभ्या होत्या. प्रेस सोडून कसा येऊ? आन् तुले फोन केला असता, तं तू काल बी असंच केलं असतं."

असंच केलं असतं. तिला बापाचा संताप आला. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच जमलं नाही. तिनं पुन्हा हिशेब केला. अकोल्याला पोहोचेपर्यंत साडेअठ्ठावीस तास होणार होते. त्यात गरम विटेच्या शेकानं सूज वाढलेली. तिनं त्यांच्या बोटाच्या टोकाला नख टोचलं. पंजाबराव बाहेरच पाहत राहिले.

पुढं ऊस भरलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. कचरूनं आरशातून विचारलं, "ताई, सायरन लावू का?"

सारिका त्या बोटाकडंच पाहत होती. कचरूनं परत विचारलं.

"लाव," ती म्हणाली.

सायरन वाजायला लागला. ट्रॅक्टर कडेला झाला. पंजाबराव लेकीकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "आपलं गाव आलं की बंद करायले सांगजो माय. तुह्या मायले मी सांगून आलो, पट्टी बांधून येतो म्हनून."