गास्केटमधला दोरा

"गाडी आणलीय की डास मारायचं मशीन?" सायलेन्सरमधून निघणाऱ्या निळ्या धुराकडं बघत हणमंत मिस्तरी कडाडले. त्यांनी बॉनेट उघडलं. "हा नवा टर्बो कुणी बसवला?"

बिराजदार ओशाळले. "नवीन गॅरेज आहे. नाव राहू द्या. तो म्हणतो, पिस्टनच्या रिंगा गेल्यात."

"त्याची अक्कल गेलीय! टर्बो बसवायच्या आधी गाडी ठणठणीत होती ना? मग टर्बोतलं ऑइल परत इंजिनात उतरत नाही, तिथंच जळतंय. हल्ली हातात पाना आला की कुणीही मिस्तरी होतो."

इंजिन निवल्यावर त्यांनी टर्बोखालची ऑइलची नळी सोडवली. तिचं भोक लाल पेस्टनं पार बुजलं होतं.

"बघा! गास्केटला पेस्ट लावलीय की भिंतीला गिलावा केलाय? कुठल्या गाढवानं शिकवलं असेल याला?"

त्यांनी चिमट्यानं पेस्टचा गोळा ओढला. त्याच्यामागून शिलाईचा काळा दोरा बाहेर आला.

मिस्तरींचा हात थांबला. पेस्टमध्ये दोरा घालून गळती बंद करायची युक्ती त्यांची स्वतःची, जुन्या ट्रकांवर कमावलेली. "पेस्ट सढळ हातानं लाव," असं टपल्या मारमारून त्यांनी ती एकाच चेल्याला शिकवली होती. चेला त्यातलं अक्षरही विसरला नव्हता.

बिराजदारांना आता चेव आला होता. मिस्तरींच्या नावाच्या पाटीखाली उभं राहून ते म्हणाले, "त्या गाढवाचं नाव कळलं तर सांगा हं. त्याच्या दारात पाय ठेवणार नाही."