मुखपृष्ठावरचा मुलगा

लेखिका आपल्या प्रेमकथा स्वतःच छापायची आणि मुखपृष्ठंही स्वतःच करायची. नव्या कादंबरीसाठी तिनं एका साइटवरून हसऱ्या तरुणाचा फोटो विकत घेतला आणि चार दिवस कॉम्प्युटरपुढे मान मोडून त्याच्यामागे समुद्र चिकटवला. पुस्तक हातोहात खपलं.

महिन्याभरानं एका बाईंचा फोन आला. "कव्हरवर आहे ना, तो माझा मुलगा."

लेखिका घाईनं म्हणाली, "काकू, फोटो मी रीतसर घेतलाय हो. पावती आहे माझ्याकडे."

"अगं, तक्रार नाही माझी. कॉलेजात असताना हौसेनं काढून घेतले होते त्यानं ते फोटो. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. शेजारणीकडे पुस्तक दिसलं, तिनंच त्यावरचा हा नंबर लावून दिला. मला मेलीला बारीक अक्षर दिसत नाही आता."

"मी येऊन वाचून दाखवू, काकू?"

"सगळं नको गं. एवढंच सांग..."

 

"शेवटी त्याचं लग्न होतं ना?"