दार लावून घेतले

"खरं तेच सांगेन, खोटं सांगणार नाही," अशी शपथ बेलिफानं घेतली आणि लगेच रुमालानं मान पुसली.

एकतीस वर्षं तो कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारी पोचवत होता, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायची ही पहिलीच वेळ. ऑफिसात त्याला सगळे 'रॉकेट' म्हणत. बाकीचे बेलिफ दिवसाला आठ-दहा नोटिसा बजावून धापा टाकत परत यायचे. हा पठ्ठ्या पंचवीस उरकून चारच्या ठोक्याला टेबलाशी हजर, आणि शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. हे जमतं कसं, असं कुणी कधी विचारलं नाही. ज्यांनी विचारायचं त्यांना हिशेब पुरा झाल्याशी मतलब.

समोरच्या बाकावर ती बाई बसली होती. साठीच्या घरातली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. घरमालकानं तिच्यावर खोली खाली करून मागण्याचा दावा लावला होता. ती एकाही तारखेला आली नाही, म्हणून तिच्या गैरहजेरीतच निकाल लागला. खोली सोडायचा हुकूम हातात पडला तेव्हा बिचारीला कळलं की आपल्यावर खटला होता! 'नोटीस मिळालीच नाही, माझं ऐकून घ्या,' एवढाच तिचा अर्ज होता. नोटीस आली नव्हती असं ठरलं तर खटला पुन्हा चालणार. आली होती असं ठरलं तर सव्वीस वर्षांचा संसार महिन्याभरात रस्त्यावर.

घरमालकाच्या वकिलानं बेलिफाचा अहवाल खणखणीत आवाजात वाचला. "'सदर बाईंना चौथ्या मजल्यावरील राहत्या खोलीत समक्ष भेटलो. माझा काही संबंध नाही, असे म्हणून त्यांनी नोटीस घेण्यास नकार दिला व दार लावून घेतले.' हा तुमचाच अहवाल?"

"हो."

"सही तुमचीच?"

"हो."

वकील समाधानानं खाली बसला. नोटीस नाकारली की कायद्याच्या लेखी ती मिळालीच, हे तिथल्या पंख्यालासुद्धा पाठ होतं.

आता खरं काय ते ऐका. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि गुडघ्यात कळ. बेलिफ त्या दिवशी इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर बसला होता आणि तिथूनच त्यानं उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. पंच म्हणून सही ठोकली चहावाल्यानं. तो गडी स्टोव्हपुढून न उठता आजवर कितीतरी घरांच्या दारांत साक्षीला उभा राहिला होता. आणि 'दार लावून घेतले' हे तर बेलिफाचं लाडकं वाक्य. कुणाच्याही नावाला चालायचं. माणसं बहुधा नकारच देतात, मग उगाच चढा कशाला, हे त्यानं स्वतःला केव्हाच पटवून टाकलं होतं. नकार देणाऱ्याला चेहरा असतो, हे मात्र त्याला आज दिसत होतं.

बाईचा वकील तरुण होता. त्यानं विचारलं, "खोलीचं दार कुठल्या रंगाचं होतं?"

"रोज पंचवीस दारं बघतो साहेब. रंग बघत बसलो तर पेन्शन इथंच घ्यावी लागेल."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांच्याही ओठांचा कोपरा हलला. बाईसुद्धा हसली, चारचौघांत हसतात तशी. तिला हसताना पाहिलं आणि बेलिफाचं हसू जागच्या जागी विरलं. कुठून दुर्बुद्धी झाली आणि हे बोललो, असं त्याला होऊन गेलं.

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण निवृत्तीला चार महिने राहिले होते. आणि घरी सून शेजारणींना सांगायची, "आमचे मामंजी कोर्टात असतात. कागद त्यांच्या हातून गेला की काळ्या दगडावरची रेघ." त्यानं मान खाली घातली.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

बाई उठली. "साहेब, त्या महिन्यात आमचे हे शेवटच्या दुखण्यात होते. मी त्यांच्या उशाशी बसून. दारात कोण आलं, कोण गेलं, मला शुद्ध नव्हती. कुणी आलंच नाही असं मला वाटत होतं, म्हणून तसं लिहून दिलं." तिचा वकील तिला हात धरून खाली बसवू पाहत होता. तिनं हात सोडवून घेतला. "पण हे भाऊ शपथेवर सांगतायत. कोर्टाचा माणूस कशाला खोटं बोलेल? मीच नाही म्हटलं असेन."

वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी चष्मा नीट केला, टायपिस्टला 'घ्या लिहून' म्हटलं आणि बेलिफाला म्हणाले, "तुमचं झालं. जा तुम्ही."

तो गेला नाही. पिंजऱ्याचा कठडा त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला आज कळत होतं.

तो उतरत नाही असं पाहून बाईच दोन पावलं पुढं आली आणि तिनं हात जोडले.

"माफ करा हो भाऊ. तुम्ही चार जिने चढून आलात, आणि मी तुमच्या तोंडावर दार लावलं. घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही."