निळी ताटली

कडेचा टवका उडालेली निळी ताटली. भाजणीच्या चकल्या. खांबावरच्या भोंग्यातून गावभर वाजणारं अकॉर्डियन. ब्रातिस्लावाहून जावयाचा फोन: दहा दिवस आधीच कळा सुरू झाल्यात, लगेच निघा.

लेकीच्या बाळंतपणाला अवकाश होता म्हणून आम्ही स्लोवाकियातल्या एका लहानशा गावात चार दिवस राहायला आलो होतो; तिथून रविवारी एकच बस होती, सव्वातीनची. आमच्या बॅगा दारात होत्या आणि टेबलावर शेजारच्या बोझेनाबाईंची ताटली, अक्रोडांनी भरलेली. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यातून खसखशीचा केक आणला होता. ताटली रिकामी परत करायची नसते, म्हणून माझ्या बायकोने, मालनने, तिच्यात चकल्या घातल्या. बोझेनाबाईंनाही नेमकी तीच खोड. तीन दिवसांत अकरा खेपा झाल्या.

"राहू दे ती, चल," मी बायकोला म्हणालो.

"दुसऱ्याची ताटली घेऊन पळू? नातवंड यायच्या दिवशी?"

अक्रोड टेबलावरच ओतून लेकीसाठी आणलेले डिंकाचे लाडू तिने ताटलीत रचले, कुंपणावरून दिले, आणि आम्ही धावत सुटलो.

बस हलली तोच बोझेनाबाई आडव्या आल्या. ताटलीत नासपती. ड्रायव्हरने दार उघडलं. मालनने पिशवी उलटी केली. द्यायला काहीच उरलं नव्हतं.

"मग आता तुम्हीच चला!" असं चक्क मराठीत म्हणत तिने त्यांना हाताला धरून बसमध्ये ओढलं.

नात झाली तेव्हा लेकीचा एक हात मालनच्या हातात होता, दुसरा बोझेनाबाईंच्या.

आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या कपाटात तशाच पाच निळ्या ताटल्या होत्या. पहिल्या दिवशी बोझेनाबाई सहावी परत करायला आल्या होत्या.