आणखी एक फेरी

रेकॉर्डवर सुई टेकली आणि ढोलांऐवजी एक म्हातारा गाऊ लागला.

"यरीहोची भिंत अजून उभी आहे, बाळांनो! आणखी एक फेरी!"

शाळेमागच्या मैदानात चारशे माणसं नाचता नाचता जागीच थबकली. थॅडियसचा हात हवेत तसाच राहिला. आवाज त्याच्या ओळखीचा होता. दक्षिण कॅरोलिनातल्या एका पत्र्याच्या चर्चमध्ये त्याच्या आजोबांनी, रेव्हरंड एझ्रा पिंकनींनी, गाऊन सांगितलेलं प्रवचन; बायबलातल्या यरीहो शहराची भिंत लोकांनी भोवती फेऱ्या मारून नि आरोळी ठोकून पाडली, त्या गोष्टीवरचं. त्यांनी आयुष्यात एकच रेकॉर्ड काढली. आई दर रविवारी तिच्या लेबलावरच्या सोनेरी नावावरून मऊ फडकं फिरवायची.

ते नाव आता नव्हतं. शुक्रवारी थॅडियसनं आपल्या सगळ्या रेकॉर्डी न्हाणीघरातल्या टबात भिजत घालून लेबलं खरवडून काढली होती. ब्रॉन्क्सच्या गल्ल्यांत रेकॉर्डी वाजवणारे सगळेच तसं करत. नाव दिसलं, की पलीकडच्या गल्लीतला पठ्ठ्या तीच रेकॉर्ड शोधून आणतो आणि पुढच्या शनिवारी तुमच्याच तालावर लोकांना नाचवतो. साबणाच्या फेसात आजोबा कधी शिरले, कळलंच नव्हतं.

"काय रे, प्रार्थनासभा का आज?" समोरच्या कपाटाएवढ्या स्पीकरांमागून पलीकडच्या गल्लीतला डेलरॉय ओरडला. "मग दानपेटी फिरवा की!"

त्याच्या गल्लीनं हसून मैदान डोक्यावर घेतलं. आज ज्याला लोकांची दाद कमी, त्यानं उन्हाळाभर या मैदानात सामान लावायचं नाही, असं ठरलं होतं.

"उचल ना ती सुई!" माइकवर हात दाबत थॅडियसची बहीण ओपल फिसकारली. "बघत काय बसलायस?"

तो उचलणारच होता. तेवढ्यात आजोबांमागं अख्खं चर्च उठलं. टाळ्या, आणि लाकडी फळ्यांवर आपटणारे पाय. धाड-टप्, धाड-टप्. तळलेले मासे विकणाऱ्या जाड्या मिस वायोलाला राहवलं नाही.

"हो, बाबा!" तिनं झारा वर केला.

रविवार होता. निम्मं मैदान चर्चमधूनच आलं होतं. दहा जण म्हणाले, "हो, बाबा!" मग पन्नास. ओपलनं माइकवरचा हात काढला.

"डेलरॉयचे खोके मोठे, आत नुसता वारा,
आमचा म्हातारा खोकला तरी कोसळेल डोलारा!"

मैदान उसळलं. पोरं खांद्यावर चढली, म्हाताऱ्या खुर्च्यांवर. पण तो टाळ्यांचा तुकडा होता जेमतेम आठ सेकंदांचा. पुढं आजोबा हळू आवाजात रडवेलं गुणगुणू लागत. ताल लांबवायचा तर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लागतात. एक वाजते तोवर दुसरी मागं फिरवायची. थॅडियसजवळ आजोबा एकच होते. त्यानं हातानं मागं फिरवलं. एक कर्कश किंचाळी आली, नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. पुन्हा वाजलं, पुन्हा तुटलं. डेलरॉय टेबलाशी येऊन बगळ्यासारखी मान लांब करून रेकॉर्डच्या मधोमध डोकावत होता.

"कोण आहे रे हा बुवा?"

एवढ्यात गर्दी दुभंगली. थॅडियसची आई आली, चर्चच्या मंडळींची सिस्टर ओडेसा. चर्चमध्ये लोकांना जागा दाखवण्याची तिची सेवा असे. तोच पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, डोक्यावर टोपी. ती टेबलापुढं उभी राहिली आणि फिरत्या रेकॉर्डकडं बघत राहिली.

"लेबल कुठाय?"

"धुतलं गेलं, आई. चुकून."

"माझ्या बापाचं नाव धुतलंस तू?"

थॅडियसनं मान खाली घातली. ओपलनं माइक पाठीमागं लपवला, जणू तो दिसला नाही तर गुन्हाही दिसणार नव्हता. आई वळली. लोकांनी वाट दिली.

मग डेलरॉयची पाळी. पाऊण तास त्यानं मैदान हलवून सोडलं. थॅडियसचं लक्ष मात्र समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीकडं होतं. तिथं कुणी दिसत नव्हतं.

"चला, शेवटची पाळी तुमची!" डेलरॉय म्हणाला. "की आवरताय?"

थॅडियसनं वायर गुंडाळायला घेतली.

"हात बाजूला कर," मागून आवाज आला.

आई धापा टाकत उभी होती. टोपी वाकडी झाली होती. काखेत जुन्या रेशमी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"यरीहोची भिंत सातव्या फेरीला पडली," ती म्हणाली. "तू दुसऱ्यालाच गळपटलास. पिंकनींचा नातू ना तू?"

"आई, पण एकाच रेकॉर्डवर..."

"ही दुसरी. माझ्याबरोबर पुरायची म्हणून पेटीत जपली होती."

तिनं रुमाल सोडला आणि रेकॉर्ड रिकाम्या टर्नटेबलवर ठेवली. डेलरॉयनं पुन्हा मान लांब केली, आणि तशीच परत आखडून घेतली. रेकॉर्डच्या मधोमध काहीच नव्हतं, नुसता काळाभोर ओला गोल. आईचे हातमोजे कोपरापर्यंत भिजले होते, आणि बोटांच्या टोकांना सोनेरी अक्षरांचे कपचे चिकटले होते.