बर्फाची लादी

२००५च्या उन्हाळ्यात डॉक्टर बोरस्ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन करत होते. ते ग्रंथालयाकडे मागतात ते लेख नेमके कशासाठी, हे समजावं म्हणून कॉलेजच्या ग्रंथपाल छायाताई एका दुपारी त्यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. लोडशेडिंग चालू होतं आणि जनरेटर बिघडला होता. फ्रीझरमध्ये सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या आजारी मुलांच्या रक्ताचे नमुने होते. “मॅडम, कुठे बर्फ मिळेल का?” बोरस्ते घामाघूम झाले होते. छायाताई रिक्षाने गंगापूर रोडच्या रसवंतीवरून बर्फाची लादी घेऊन आल्या. दोघांनी ती फोडून कुप्यांभोवती रचली, पण बर्फ भराभर वितळत गेला. वीज आली तेव्हा बोरस्त्यांनी एक कुपी उचलून पाहिली. “सगळं वाया गेलं.” “सर, पुन्हा सुरगाण्याला जाऊ. मीही येते, त्याच मुलांचं रक्त घेऊ,” छायाताई म्हणाल्या. बोरस्ते खुर्चीत बसले. “मॅडम, त्यातली काही मुलं आता नाहीत.”