दहा ओळी

आईच्या फोनवर अनोळखी नंबर आला तेव्हा चेतना कपाटातल्या साड्या पलंगावर काढून ठेवत होती. बँकेचे ओटीपी अजून याच नंबरवर येत, म्हणून तिने फोन चालू ठेवला होता.

"हेमलताबाई आहेत का? मी मारुतराव, कराडहून. आमच्या दिवाळी अंकात त्यांची कथा घेतलीय."

चेतना पलंगाच्या कडेला बसली. आई वर्षानुवर्षं छोट्या-छोट्या अंकांना कथा पाठवायची आणि कुणाचं उत्तर यायचं नाही, हे तिला माहीत होतं. शेवटची कथा कधी आणि कुठे पाठवली, ते माहीत नव्हतं.

"आई आत्ता घरी नाही," ती म्हणाली. "मी मुलगी बोलतेय."

मारुतराव बोलके होते. महाराष्ट्राबाहेरचे लोक त्यांना पुरणपोळीच्या आठवणीच पाठवत, त्याचा त्यांना कंटाळा आला होता. ही बाई मात्र रिटायर झाल्यावरही सवयीने ऑफिसची बस पकडणाऱ्या बाईबद्दल लिहिते, हे त्यांना आवडलं होतं. अडचण एकच होती. ऐनवेळी पतसंस्थेची जाहिरात आली होती आणि चेअरमनसाहेब अर्ध्या पानापेक्षा कमी जागेत मावत नव्हते. ती घेतली नाही तर अंक निघायचा नाही. कथेतल्या दहा ओळी कमी करायला हव्या होत्या, त्याही आज संध्याकाळपर्यंत, कारण उद्या पानं छपाईला जाणार. स्वतः कात्री लावणं त्यांना पटत नव्हतं. लेखिकेनेच ठरवावं.

दुसऱ्या कुणाची कथा नाही का कमी करता येणार, असं चेतनाने विचारलं. तशी एक लांबलचक होती, मारुतराव म्हणाले, पण तिचे लेखक आषाढात वारले. ती फोटोसकट, चौकटीत, नावाआधी कै. लावून पूर्ण जाणार होती.

"गेलेल्या माणसाची ओळ कापवत नाही हो. तुमच्या आई समजून घेतील."

समोरच्या पार्कात रामलीलेवाले माइक तपासत होते. आईच्या सगळ्या ओळी वाचवायला एक वाक्य पुरलं असतं. गेल्या काही महिन्यांत तिने ते बँकेत सांगितलं होतं, गॅस एजन्सीत सांगितलं होतं, सरकारी क्वार्टरच्या ऑफिसात तर तीनदा. हिंदीत, इंग्रजीत, न अडखळता. मराठीत सांगण्याची वेळ फारशी आली नव्हती.

बाबा गेले त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत आईची कविता छापून आली होती. वर बाबांचा फोटो होता. आईने ती स्मरणिका रद्दीत ठेवली. हे माझ्या लिहिण्याचं नाही, त्यांच्या जाण्याचं छापलंय, असं म्हणाली होती.

"विचारते आईला," चेतना म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पाठवते."

आईच्या मेलमध्ये कथा सापडली. चेतनाने ती कधी वाचली नव्हती. साड्या बाजूला सारून ती लॅपटॉप घेऊन बसली.

कथेतली बाई स्टॉपवर उभी राहते. रोजचा कंडक्टर तिला ओळखतो, काही विचारत नाही. बस सेक्रेटरिएटच्या दिशेने निघते. आणि मध्येच हे होतं:

'समोरच्या सीटवर शाळेची एक मुलगी तोंड उघडं टाकून झोपली होती. बाईला आपली मुलगी आठवली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात घराची किल्ली असायची. संध्याकाळी बाई ऑफिसातून आली की ती दार उघडायची आणि कुणी विचारलं नसताना सांगायची, मी घाबरले नव्हते. घरातले सगळे दिवे लावलेले असायचे, बाथरूममधलासुद्धा. बाई काही न बोलता एकेक दिवा बंद करत जायची.'

आई विजेच्या बिलासाठी दिवे बंद करते, असं चेतनाला वाटायचं.

आधी तिने कंडक्टर काढून पाहिला. मग बाई स्टॉपवर कुणाशी बोलतच नाही, असं झालं. तो परत ठेवला. बस चुकण्याचा प्रसंग काढला, तर शेवट लुळा पडला. पावसाचं वर्णन काढलं, ते दोनच ओळींचं निघालं. खालच्या मजल्यावरच्या मिसेस भटनागर चहा पाठवू का म्हणून विचारून गेल्या. तिने नको म्हटलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

बसमधली मुलगी कथेला कुठेच लागत नव्हती. आधी नव्हती, नंतर नव्हती. आईने तिला मध्येच, काही कारण नसताना, बसवलं होतं.

तिने त्या ओळींवरून कर्सर फिरवला. त्या निळ्या झाल्या. मोजून पाहिल्या, बरोबर दहा. निळ्यातच पुन्हा एकदा वाचल्या. मग बटण दाबलं आणि वरचा परिच्छेद खालच्याला येऊन मिळाला.

कथा पाठवताना तिने खाली 'हेमलता' एवढंच लिहिलं.

फोन लगेच आला. मारुतराव खुशीत होते.

"बाईंना सांगा, फार नीट काढलंय. मी शोधत बसलो, पण कुठून काय गेलं ते मलाही आठवेना. तिथे कधी काही नव्हतंच, असं वाटतंय."

"हो," चेतना म्हणाली. "सांगते."